पुस्तकं जपायची, पण कुणापासून?

गेल्या १५ ऑक्टोबरला, म्हणजे वाचन प्रेरणा दिनाला, मला एका शाळेत बोलावलं होतं. (हा डॉ. कलामांचा जन्मदिवस. २०१५ पासून आपल्या राज्यात तो असा साजरा होतो.) विषय त्यांनीच दिला होता: 'मुलांना पुस्तकं जपायला कसं शिकवावं'. निवृत्त शिक्षिकेला बोलवायला हा विषय बरा असतो. ती जुन्या काळच्या चार गोष्टी सांगते, आजकालच्या मुलांना दोन टोमणे मारते, शाल-नारळ घेते आणि जाते. मीही त्याच तयारीने गेले होते, खोटं कशाला सांगू?

भाषणाआधी ग्रंथालय सांभाळणाऱ्या सरांनी मला शाळेचं पुस्तकांचं कपाट दाखवलं. लोखंडी, मुख्याध्यापकांच्या खोलीत, बाहेर भलंमोठं कुलूप. किल्ली टेबलाच्या खणातून निघाली. सर अभिमानाने म्हणाले, "बाई, सहा वर्षांत एकही पुस्तक फाटलेलं नाही की हरवलेलं नाही."

मी एक पुस्तक बाहेर काढलं. उघडताना ते करकरलं. छापखान्यातून आल्यापासून ते कुणी उघडलंच नव्हतं. दुसरं काढलं, तर त्याच्या मधल्या पानांतून एक चंदेरी किडा सुळकन पळाला. कसर. त्या कपाटाचा सहा वर्षांतला एकमेव वाचक!

मग मी तयार भाषण पिशवीतच ठेवलं. तिथे जे बोलले ते पाहुण्याच्या भिडेने, अर्धवट बोलले. उरलेलं इथे लिहिते आहे. आमच्या नातेवाईक मंडळींपैकी कुणाला लागलं तर लागू दे. सत्तरी ओलांडल्यावर आता भीड कुणाची धरायची?

माझं म्हणणं साधं आहे. पुस्तक जपायला तेच मूल शिकतं, ज्याच्या हातात पुस्तक असतं. हातात न देता 'जपायला' शिकवणं म्हणजे पाटावर बसवून पोहायला शिकवणं. आपण शाळेत आणि घरात पुस्तकं जपतो ती मुलांसाठी नाही, मुलांपासून जपतो. आणि वर तक्रार करतो की मुलांना पुस्तकांची किंमत नाही.

आता आपल्या परंपरेकडे बोट दाखवलं जाईल, म्हणून आधी तिथेच जाते. बीए करताना आम्हाला जुन्या हस्तलिखित पोथ्यांबद्दल शिकायला होतं. पोथी लिहून झाली की शेवटी लेखनिक वाचणाऱ्याला एक विनंती लिहायचा. जणू पोथीच बोलते आहे: मला तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून सांभाळा, आणि मूर्खाच्या हाती देऊ नका, अशा अर्थाची. किती शहाणी विनंती आहे बघा! एकेक अक्षर हाताने लिहायचं, कंबर मोडायची, मान आखडायची. त्या पोथीची दुसरी प्रत करायची तर पुन्हा तेवढेच महिने. तेव्हा ती बासनात बांधून ठेवणं बरोबरच होतं.

पण आपण काय केलं? तेल, पाणी आणि बांधणी विसरलो, आणि 'मूर्खाच्या हाती देऊ नका' एवढंच नेमकं लक्षात ठेवलं. आणि मूर्ख कोण? तर आपलीच पोरं! शंभर रुपयांचं, हजारो प्रती छापलेलं गोष्टीचं पुस्तक आपण पोथीसारखं बासनात बांधून ठेवतो.

दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढायची, पुस्तकांना हळद-कुंकू वाहायचं, आणि त्या दिवशी पुस्तक उघडायचं नाही. पुस्तकाला पाय लागला की नमस्कार करायचा. मीही करते, सवय जात नाही, जावी असंही वाटत नाही. पण नमस्कार करणं वेगळं आणि जपणं वेगळं. पाय लागला म्हणून तीनदा नमस्कार करणारी आणि लगेच बोटाला थुंकी लावून पान उलटणारी मोठी माणसं मी आयुष्यभर पाहिली आहेत.

दुसरा युक्तिवाद ठरलेला: "आमच्या वेळी आम्ही किती जपायचो!" हो, जपायचो. १९६० च्या आसपासची गोष्ट सांगते. मे महिन्यात निकाल लागला की आम्ही वरच्या वर्गातल्या मुलीचं घर गाठायचो. तिची पुस्तकं अर्ध्या किमतीत मिळायची. पानं सगळी असली, कव्हर घातलेलं असलं, आत शाईचा डाग नसला तर अर्धी किंमत. नाहीतर मग पाव किमतीवर घासाघीस. आमची पुस्तकं पुढच्या वर्षी खालच्या वर्गातली मुलगी न्यायची. घरात धाकटं भावंड असेल तर तेही नाही, पुस्तक सरळ त्याच्याकडे. एकेक पुस्तक तीन-चार घरं हिंडायचं. पहिल्या पानावर नावांची रांग असायची, आधीचं नाव खोडून त्याखाली नवं.

म्हणजे आम्ही जपत होतो ते काही फार संस्कारी होतो म्हणून नाही. पुस्तक पुढे कुणाकडे तरी जायचं आहे हे आम्हाला ठाऊक होतं, आणि ते कोण हे तोंडओळखीने माहीत होतं. पुढच्या मुलीने "शी! केवढं घाण केलंय" म्हणू नये, एवढीच लाज. ती लाज पुरेशी होती. आजच्या मुलांना पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात, ती मिळायलाच हवीत, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण मे महिन्यात ती पुस्तकं बहुतेक घरांतून रद्दीत जातात. पुढचा वाचकच नाहीसा झाला तर जपायचं कुणासाठी? हा मुलांचा दोष नाही. वर्षअखेरी वर्गातच पुस्तकं गोळा करून खालच्या वर्गाला देणाऱ्या शिक्षकांना मी मनापासून हात जोडते.

आता घरातलं. आमच्याच एका भाच्याच्या घरी (कोणाच्या ते विचारू नका, तो हे वाचणार आहे) दिवाणखान्यात काचेचं सुंदर कपाट आहे. आत पुस्तकं आहेत, उंचीप्रमाणे लावलेली. त्याचा मुलगा चार वर्षांचा. मी त्याच्यासाठी चित्रांचं पुस्तक नेलं होतं. सूनबाईंनी कौतुक केलं, आणि ते वरच्या खणात ठेवून दिलं. म्हणाल्या, "आत्याबाई, आत्ता नको, फाडतो हो तो." आणि पोराने भोकाड पसरलं म्हणून त्याच्या हातात काय दिलं? मोबाईल!

मला सांगा, मोबाईल पंधरा-वीस हजारांचा. माझं पुस्तक साठ रुपयांचं. जे पडलं तर फुटेल ते मुलाच्या हातात, आणि जे फाटलं तर चिकटवता येईल ते काचेच्या कपाटात. हा कुठला हिशेब? चार वर्षांचं मूल पुस्तक फाडतं, अगदी खरं आहे. ते भातही सांडतं. म्हणून आपण त्याला जेवायला शिकवायचं थांबवतो का? दोन-चार पुस्तकं फाटतील. पाचव्याला ते पान कोपऱ्यातून धरायला शिकतं. मी हे घरी दोन आणि शाळेत कित्येक मुलांच्या बाबतीत पाहिलं आहे.

आता शाळेच्या कपाटाकडे परत येते, कारण खरा प्रश्न तिथे आहे. ज्या घरात एकही पुस्तक नाही, त्या घरातल्या मुलाला पुस्तक मिळण्याची जागा शाळेचं कपाट हीच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं, त्यात गोष्टीची पुस्तकंही हवीत, असं लिहिलेलं आहे. ती कुलपात ठेवण्यासाठी कुणी कायदा करत नाही.

पण त्या सरांवर मी एकट्यावर दोष ठेवणार नाही. मी त्या खुर्चीत बसले आहे. बाकांची, टेबलांची नोंद ज्या वहीत होते तिला सरकारी भाषेत 'जडसंग्रह नोंदवही' म्हणतात. पुस्तकांची दाखल नोंदवही वेगळी असते, पण तपासणीला येणाऱ्यांची आणि आमचीही नजर जडसंग्रहाचीच. नोंदीला आहेत तेवढी पुस्तकं कपाटात भरली की तपासणी झाली. किती मुलांनी वाचली हे मला तरी कुणी विचारलं नाही. एक पुस्तक कमी भरलं की मात्र खुलासा लिहा, नाहीतर पदरचे पैसे घाला. पदरचे पैसे मीही घातले आहेत. अशा वेळी शिक्षक कुलूप लावणार नाही तर काय करणार? त्याला पुस्तक दिल्याबद्दल कुणी शाबासकी देत नाही, आणि हरवल्याबद्दल शिक्षा मात्र होते.

इथे मला माझीच एक गोष्ट सांगायला हवी. सांगायची नव्हती, पण दुसऱ्यांना बोल लावायचा तर आपलं लपवून चालणार नाही.

१९८३ चा जुलै. मी कोकणातल्या एका शाळेत सहावीची वर्गशिक्षिका होते, आणि पुस्तकांचं लाकडी कपाट माझ्या ताब्यात होतं. शनिवारी मी पुस्तकं द्यायची, पण नियम कडक. वर्गात एक मुलगी होती, वाचनाची फार ओढ असलेली. दर शनिवारी पहिली रांगेत. एकदा तिने नेलेलं पुस्तक परत आलं ते फुगून दुप्पट झालेलं. घर कौलारू, रात्री कौल सरकलं, पाणी नेमकं दप्तरावर. ती हे सांगत होती आणि मी ऐकत नव्हते. सगळ्या वर्गासमोर ते पुस्तक वर धरून मी म्हटलं, "बघा, पुस्तकाची दशा कशी करतात ते बघा." पुस्तक चार रुपयांचं. नियमाप्रमाणे दुप्पट, आठ रुपये दंड. तिची आई दुसऱ्यांच्या शेतात लावणीला जायची. मुलीने ते पैसे तीन हप्त्यांत, रुमालाच्या गाठीतून सुटे आणून दिले. मी पावती फाडून दिली. त्यानंतर ती शनिवारच्या रांगेत कधी दिसली नाही. आणि मला ते बरेच महिने लक्षातही आलं नाही.

पुढे १९९१ च्या मे महिन्याच्या सुट्टीत त्याच कपाटाला वाळवी लागली. जूनमध्ये दार उघडलं तर खालचे दोन खण म्हणजे नुसती माती. साठ-सत्तर पुस्तकं गेली. वाचली ती वरच्या खणातली, आणि सुट्टीत मुलांच्या घरी राहून गेलेली दहा-बारा. मग आम्ही पंचनामा केला, पुस्तकं निर्लेखित केली, वरून मंजुरी आली. कुणालाही एक पैसा दंड झाला नाही.

त्या दिवशी मला ते आठ रुपये आठवले. कुलपात बंद ठेवून साठ पुस्तकं वाळवीला खाऊ घातली, तर कुणाचाच गुन्हा नाही. एका मुलीने वाचायला नेलेलं एक पुस्तक पावसाने भिजलं, तर तिला दंड आणि भर वर्गात शोभा. हा नियम पुस्तकाच्या बाजूचा नाही, मुलाच्या बाजूचा तर नाहीच. तो फक्त नोंदवहीच्या बाजूचा आहे.

२००५ च्या सुमाराला ती मला एसटी स्टँडवर भेटली. तिनेच ओळखलं, वाकून नमस्कार केला. बरोबर तिसरीतला मुलगा होता. माझ्या पिशवीत एक पुस्तक होतं, ते मी त्याच्या हातात दिलं. तिने ते हलकेच काढून घेतलं, पदराने पुसलं आणि मला परत दिलं. म्हणाली, "नको बाई, आमच्याकडं खराब होईल."

तिच्या बोलण्यात राग नव्हता हो. उलट आदरच होता. मी शिकवलेला धडा तिने नीट पाठ केला होता, आणि आता मुलाला शिकवत होती.

तर जपायला शिकवायचं कसं? १९९१ नंतर मी जे केलं ते सांगते. त्यात अवघड काही नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एक तास फक्त पुस्तक हाताळण्याचा. नवं पुस्तक मधोमध फाडकन उघडायचं नाही. पाठीवर उभं धरायचं, पुढून थोडी पानं, मग मागून थोडी पानं, असं करत हलक्या हाताने दाबत मध्यापर्यंत यायचं. म्हणजे बांधणी मोडत नाही. पान उलटायचं ते वरच्या उजव्या कोपऱ्यातून. खुणेसाठी पानाचा कान मुडपायचा नाही, जुन्या लग्नपत्रिकेची पट्टी कापून ठेवायची. पावसाळ्यात दुधाची धुतलेली पिशवी प्रत्येकाच्या दप्तरात हवी, पुस्तक त्यात. (ही पिशवी मी १९८३ मध्ये त्या मुलीला दिली असती तर!)

भिजलंच तर उन्हात टाकायचं नाही, पानं वेडीवाकडी होतात. पानांमध्ये कोरे कागद घालायचे, ते ओले झाले की बदलायचे, सावलीत वाऱ्यावर वाळवायचं आणि शेवटी वजनाखाली ठेवायचं. फाटलं तर चिकटपट्टी लावायची नाही. ती काही वर्षांत पिवळी पडते, सुकून गळते आणि तिचा डाग पानावर कायमचा राहतो. त्यापेक्षा मैद्याची पातळ खळ आणि पातळ कागदाची पट्टी. बाइंडर लोक कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात, पण ते विषारी, मुलांच्या हातात द्यायचं नाही. मी बिनमोरचुदाचीच खळ करायची, आणि महिन्यातल्या एका शनिवारी वर्गात 'पुस्तकांचा दवाखाना' भरायचा. स्वतःच्या हाताने एक फाटकं पान जोडलेलं मूल दुसरं पान फाडताना थबकतं. दहा भाषणांनी हे होत नाही.

दंड बंद केला. त्याऐवजी प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक कागद चिकटवला. नेताना काय स्थिती, आणताना काय स्थिती, हे मुलाने स्वतः लिहायचं. "पान ३२ वर आमटी सांडली, पुसली, डाग राहिला." मुलं इतकं खरं लिहितात की मोठ्यांनी लाजावं. पुढचा वाचक ते वाचायचा. माझ्या लहानपणीची ती पुढच्या मुलीची लाज या कागदाने परत आणली.

पहिल्या वर्षी चार पुस्तकं परत आली नाहीत, पाच-सहा खिळखिळी झाली. मुख्याध्यापकांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, वाळवीच्या मानाने मुलांनी फार कमी खाल्ली! ते हसले आणि सही केली. सगळेच हसणार नाहीत, हे मला माहीत आहे.

कुणी म्हणेल, बाई, दुर्मिळ पुस्तकांचं काय? ती जरूर कुलपात ठेवा. पोथ्या, हस्तलिखितं, शंभर वर्षांची जुनी पुस्तकं यांची जागा संशोधन संस्थांतच. पण तिथेही बघा. ५ जानेवारी २००४ ला पुण्याच्या भांडारकर संस्थेत घुसून पुस्तकांची आणि हस्तलिखितांची नासधूस झाली, ती काही चौथीतल्या मुलांनी केलेली नव्हती. पुस्तकांचे शत्रू शोधायचे तर लहान मुलांचा नंबर फार खाली लागेल.

मी म्हणते त्यात नवं काही नाही. मद्रासचे रंगनाथन मुळात गणिताचे प्राध्यापक, पुढे ग्रंथपाल झाले. त्यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतला पहिलाच नियम असा, की पुस्तकं वापरण्यासाठी असतात. युरोपात एकेकाळी पुस्तकं साखळीने फळीला बांधून ठेवत. आपण साखळी काढली आणि कुलूप लावलं, एवढाच फरक. आणि आपल्याकडेच पाचगणीजवळचं भिलार बघा. ४ मे २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव झालं. घरोघरी पुस्तकं मांडलेली आहेत, परक्या माणसाने यावं, बसावं, वाचावं. एक गाव आपल्या घरात अनोळखी लोकांच्या हाती पुस्तकं देऊ शकतं, आणि आपण आपल्याच मुलांच्या हाती देऊ शकत नाही?

त्या शाळेत निघताना मी सरांना म्हटलं, कसर घालवायला कडुनिंबाचा पाला ठेवा हवं तर, पण खरं औषध वेगळं आहे. तिला अंधार, ओल आणि शांतता लागते. रोज दार उघडा, पोरांना गलका करू द्या. सर म्हणाले, "बघतो बाई." ते बघतो कसलं आहे, हे चाळीस वर्षं शिक्षकांच्या खोलीत बसलेल्या बाईला कळतं. म्हणून पुढच्या महिन्यात मी पुन्हा जाणार आहे, न बोलावता. बरोबर मैद्याचा पुडा आणि लग्नपत्रिकांच्या पट्ट्या नेणार आहे. दवाखाना भरवायचा तर कपाट उघडावंच लागेल.

आणि भाच्या, तुझ्याकडेही येणार आहे. वरच्या खणातलं ते पुस्तक खाली काढून ठेव. फाटलं तर चिकटवायला मी आहे.